चौदा नंबर रिकामा

७ जुलै

ठके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र परत पाठवायचं तर पोस्टात जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. तुझा आळस माझ्या बाजूने आहे.

एव्हाना कुणीतरी तुझ्या कानावर घातलंच असेल की तुझी बहीण चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जाते. हॉस्पिटलनेच पाठवलं आहे. रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी. आठवड्यात तीन दिवस वर्ग, तीन दिवस वॉर्ड. पहिलं वर्ष झालं, आता दुसरं. पुढच्या उन्हाळ्यात पास झाले की उपप्रशासक. म्हणजे पांढरा गणवेश जाईल, केबिन येईल, आणि आज जे साहेब लोक "सिस्टर, जरा इकडे या" म्हणतात ते "मॅडम, जरा इकडे या" म्हणतील.

वर्गात आम्ही बावीस जण. त्यातल्या एकोणीस जणांनी जन्मात कुणाला कुशीवर वळवलेलं नाही. पण हॉस्पिटल कसं चालवावं याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नाही. शिकवायला जे सर आहेत त्यांना मी बाणवाले म्हणते. ते एक चौकोन काढतात, दुसरा काढतात, मध्ये बाण. त्याला म्हणायचं रुग्णप्रवाह. रुग्ण आला, बाण, तपासणी, बाण, बेड, बाण, घर. मी बावीस वर्षं रुग्ण सांभाळते आहे, एकही असा बाणासारखा गेलेला मला आठवत नाही. एकाला निघताना उलटी होते, एकाचा जावई भांडत बसतो, एकाची चप्पल सापडत नाही. चपलेसाठी फळ्यावर चौकोन नाही.

माझ्या शेजारी दातवाली बसते. सत्तावीस वर्षांची आहे. दातांची डॉक्टर झाली आणि मग तिच्या लक्षात आलं की लोकांच्या तोंडात बघायला तिला आवडत नाही. पाच रंगांची पेनं बाळगते. प्रश्न विचारायचा झाला की आधी हात वर, मग सॉरी, मग प्रश्न. तोवर मला झोप लागलेली असते.

तू अजून त्याच चष्म्याच्या दुकानात, त्याच काचा घासत असशील. घास. निदान काच उलट बोलत नाही.

तुझी थोरली बहीण, आवडो न आवडो,
ताई


२ सप्टेंबर

ठके,

पत्र परत आलं नाही. म्हणजे आळस टिकून आहे.

आज वर्गात काय शिकवलं असेल? माझा बाक. लिननच्या, म्हणजे धुतलेल्या चादरींच्या, खोलीबाहेरचा तो लाकडी बाक. बाणवाले सरांनी त्याचा फोटो पडद्यावर दाखवला, वर नाव दिलं "प्रतीक्षा-आसन", आणि दोन चौकोनांच्या मध्ये बसवला. वर्गाने वह्यांत उतरवून घेतला. दातवालीने हिरव्या पेनाने.

हा शोध कुणा साहेबाचा नव्हे, माझा. नऊ वर्षांपूर्वी कॅज्युअल्टीत एक म्हातारा पहाटेपासून स्ट्रेचरवर पडून होता. इकडे वॉर्डात एक ठणठणीत बरा झालेला माणूस बेडवर पाय हलवत बसलेला, डिस्चार्ज लिहून झालेला, फक्त मुलगा न्यायला यायचा बाकी. मी त्याला उठवून बाकावर बसवलं, चहा दिला आणि म्हाताऱ्याला बेड दिला. त्यात अक्कल वगैरे काही नव्हती. त्या म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं, एवढंच.

पण आमच्याकडे डिस्चार्जचा वेळ मोजतात. डॉक्टरने लिहिलं की घड्याळ सुरू. वॉर्डाच्या बोर्डावर बेडच्या नंबरापुढे "रिकामा" लिहिलं की बंद. माणूस घरी पोचला की नाही हे कुणी विचारत नाही. मोठ्या साहेबांनी बोर्ड बघितला, आमच्या वॉर्डाचा वेळ निम्म्यावर आलेला दिसला, आणि प्रत्येक मजल्यावर चार-चार बाक आले. बाकावर बसलेला माणूस वॉर्डात नसतो आणि घरीही नसतो. तो कोणत्याच रजिस्टरात नसतो. साहेबांना असा माणूस फार आवडतो.

आता तू म्हणशील, आईसुद्धा. हो, आईसुद्धा. त्या मार्चमध्ये तिची छाती बरी झाली, डिस्चार्ज लिहिला, आणि मी तिला बाकावर बसवलं. त्या सकाळी कॅज्युअल्टीत माणसं स्ट्रेचरवर ताटकळत होती. परक्यांच्या आयांना उठवायचं आणि स्वतःच्या आईला झोपवून ठेवायचं, हे मला जमलं नसतं. ती बाथरूमला जायला उठली, कॉरिडॉरच्या टोकाच्या पायरीवर पडली, खुबा मोडला, अकराव्या दिवशी गेली. कुणाच्याही आईचं झालं असतं.

आणि तू जरा लवकर आली असतीस तर... पण ते राहू दे. मामाला जे बोलायचं होतं ते तो सगळ्यांसमोर बोलला आहे. मी काही बोलले नव्हते, हे तू विसरतेस.

ताई


२० ऑक्टोबर

ठके,

तुझं कार्ड मिळालं. अडीच वर्षांनी तीन शब्द. "चष्मा कुठे होता?" खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच, चढणीला लागल्यासारखं वर वर जाणारं.

चष्म्याचं म्हणशील तर वॉर्डात रोज शंभर वस्तू इकडच्या तिकडे होतात. कवळ्या, किल्ल्या, श्रवणयंत्रं. तुम्हा चष्म्याच्या दुकानातल्या लोकांना वाटतं की जगात दुसरं काही हरवतच नाही. तू तिला तो नवा करून दिला होतास, पंधरा दिवसही झाले नव्हते, हे मला माहीत आहे. म्हणून तो इतिहासातला पहिला चष्मा होत नाही.

माझ्या प्रोजेक्टचं सांगते. विषय मिळाला: डिस्चार्जला लागणारा वेळ. हॉस्पिटलने तीन वर्षांची आकडेवारी दिली. रुग्णांची नावं काढून टाकलेली. नुसती तारीख, वॉर्ड, बेड, वय, डॉक्टरने लिहिल्याची वेळ, बेड रिकामा झाल्याची वेळ. चार हजारांच्या वर ओळी. बाणवाले सरांना त्या बघून भरून आलं.

त्यांनी यादी उतरत्या क्रमाने लावली आणि शेवटची ओळ पिवळी केली. तीन वर्षांतला सर्वांत कमी वेळ. दहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलं, दहा पंचवीसला बेड रिकामा. पंधरा मिनिटं. "हा वॉर्ड आपल्या वर्गातल्या मॅडमचा आहे," सर म्हणाले, "याला म्हणतात आदर्श." आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. एका ओळीला. माणसं रांगोळीला सुद्धा जरा जवळ जाऊन बघतात, मग दाद देतात.

मी उठून उभी राहिले आणि मान झुकवली. दुसरं काय करणार होते?

दातवाली टाळ्या वाजवत नव्हती. पेन पडलं असेल.

ताई


१५ डिसेंबर

ठके,

हे पत्र मी आधी तीनदा लिहून फाडलं. आता फाडायला कंटाळा आला आहे, म्हणून पाठवते.

टाळ्या पडल्या त्याच आठवड्यात दातवालीने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. हात वर केलाच, समोर मी एकटी असून.

"सॉरी मॅडम, एक विचारू? त्या पंधरा मिनिटांच्या बेडवर पुढचा पेशंट किती वाजता आला?"

मी म्हटलं, तो माझ्या प्रोजेक्टचा विषय नाही.

"हो, ते आहेच. म्हणजे, बेड कुणासाठी रिकामा केला ते कळलं असतं."

किती बाळबोध, मला वाटलं. मी तिला विचारलं, तू काय शेजारच्या दाताला जागा हवी म्हणून दात काढायचीस का? ती म्हणाली, "हो मॅडम, कधीकधी तेवढ्यासाठीच काढतात." माझा चहा निवला. तिच्यावरचा माझा राग दुप्पट झाला.

ठके, ती ओळ आईची होती. वॉर्ड तीन, बेड चौदा, वय एकाहत्तर, आणि तारीख. नाव काढलं म्हणून मी ओळखणार नव्हते थोडीच. पडद्यावर ती पिवळी व्हायच्या आधीच मी ओळखली होती. आणि उभी राहून मान झुकवली होती.

पोरीचा प्रश्न डोक्यातून जाईना. भरतीचं रजिस्टर हॉस्पिटलातच आहे, मला कुणी अडवत नाही. चौदा नंबरवर पुढचा रुग्ण आला संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी. दहा पंचवीसपासून पाच पाचपर्यंत तो बेड रिकामा होता. ताणलेली चादर, फुगवलेली उशी, आणि कुणी नाही.

मग मी कॅज्युअल्टीचं रजिस्टर काढलं. त्या सकाळी आमच्या वॉर्डासाठी कुणीही थांबलेलं नव्हतं. एकही माणूस नाही. मी तुला स्ट्रेचरबद्दल लिहिलं ते खोटं म्हणून लिहिलं नव्हतं, ठके. मला ती स्ट्रेचरं दिसत होती. ती दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाची होती. मी ती ढकलत आणून त्या दिवसात उभी केली आणि अडीच वर्षं त्यांच्या आड उभी राहिले.

त्या दिवशी खरं काय होतं तेही फायलीत आहे. मूल्यांकन समिती. साडेदहाला आमच्या वॉर्डात. चार माणसं, गळ्यात ओळखपत्रं, हातात बिस्किटाची बशी धरल्यासारख्या फायली. ती पहिल्यांदा बोर्डासमोर उभी राहतात. बोर्डावर डिस्चार्ज लिहिलेला बेड भरलेला दिसला की शेरा मारतात. त्या शेऱ्यासाठी मी आईला उठवलं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, नाही.

आता चष्मा.

मला आठवत नव्हतं असं लिहायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या मावशीला विचारायला गेले. तीच, तेवीस वर्षं लादी पुसणारी, आईला हाताला धरून बाकापर्यंत नेणारी. ती चादरी मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली:

"मी तेव्हाच म्हटलं होतं ना सिस्टर, आज्जींचा चष्मा ड्रॉवरमध्ये राहिला. तुम्ही म्हणालात, नंतर. ड्रॉवर उघडला की वर नीट मांडलेलं सगळं हलतं, आणि ते लोक दारात आलेत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मी परत फिरले तेव्हा मागून म्हणाली की ती मधून मधून आईकडे चक्कर मारत होती. आईला विचारलं होतं, मोठ्या लेकीला हाक मारू का, चष्मा हवाय का. आई म्हणाली, "तिला कामातून उठवू नका. आणि चष्म्यावाचून काय अडलंय? बघण्यासारखं आहे काय इथे? तिला म्हणावं, तुझ्या या बाकापेक्षा बसस्टॉप बरा."

आपल्या घराण्यातली ही जीभ कुठून आली ते तुला माहीत आहेच.

तर, चष्मा ड्रॉवरमध्ये होता. चौदा नंबरच्या. मला माहीत होतं. आई पडल्यावर मी तो काढून माझ्या लॉकरमध्ये ठेवला, आणि तू विचारलंस तेव्हा म्हटलं, बाकाखाली कुठेतरी पडला असेल.

ताई


२२ एप्रिल

ठके,

काल तोंडी परीक्षा झाली.

टेबलापलीकडे बाणवाले सर, बाहेरचे एक परीक्षक, आणि आमचे मोठे साहेब, कारण प्रोजेक्ट त्यांच्या हॉस्पिटलवर. मी प्रोजेक्टमध्ये एक रकाना वाढवला होता, पुढचा रुग्ण किती वाजता आला त्याचा. जानेवारीपासून तेच केलं. चार हजार ओळींपुढे एकेक वेळ, भरतीच्या रजिस्टरातून उतरवून. शेवटच्या हजार ओळी दातवालीने उतरवल्या. मी सांगितलं नव्हतं. आली आणि पेनं मांडून बसली. तिचा सात आणि माझा सात सारखा दिसत नाही यावरून मी तिला दोनदा बोलले. तिने दोन्हीदा सॉरी म्हटलं. सात मात्र तसाच काढत राहिली.

रकाना असा सांगतो की आमच्याकडे घाईघाईने रिकाम्या केलेल्या दर तीन बेडांपैकी दोन पुढचे तीन-तीन तास तसेच पडून असतात. तेवढा वेळ त्यांची माणसं बाकावर.

मोठे साहेब म्हणाले, मॅडम, हे तुमच्या विषयाबाहेरचं आहे. बाणवाले सर म्हणाले, पण तो पंधरा मिनिटांचा नमुना तर उत्तम होता, तो तुम्ही मागे का ढकललात? ते खरोखर हिरमुसले होते. शेवटी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की या विशिष्ट ओळीत बेड एवढ्या तातडीने कुणासाठी रिकामा केला होता.

"बोर्डासाठी," मी म्हटलं. "ओळ माझ्या आईची आहे. उठवलं मी."

मग साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. कुठल्यातरी शिबिरात शिकवलं असणार, समोरच्याला भरून आलं की ग्लास सरकवायचा. मला भरून आलं नव्हतं. मी ग्लास परत सरकवला.

निकाल लगेच सांगितला. पास, काठावर. शेरा: "विद्यार्थिनी अभ्यासविषयापासून तटस्थ राहू शकल्या नाहीत." उपप्रशासकाची जागा सध्या भरणार नाहीत असं साहेबांनी जिन्यात सांगितलं. "जरा थांबू या, सिस्टर." मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं ना, ते "जरा" तसंच राहील.

आज सुट्टी होती. मी दहा पंचवीसला जाऊन त्या बाकावर बसले. मावशीने एकदा बघितलं आणि माझ्या पायांखालची लादी पुसून गेली. बाक फार वाईट आहे, ठके. पाठीला मधली फळी लागते. कॉरिडॉरच्या टोकाची पायरी आता पिवळी रंगवली आहे. आई पडल्यावर सुधारणा म्हणून रजिस्टरात तेवढीच नोंद झाली: पायरी रंगवली. आणि बाकावरून वॉर्डाच्या दारातून थेट चौदा नंबर दिसतो. उशीसकट. मी माझा चष्मा काढला तेव्हा तो बेड नाहीसा झाला. आईला तो दिसला नसेल, तेवढं एक बरं झालं असं मनात आलं, आणि असं मनात यावं याची मला किळस आली.

समिती अकराला गेली होती. आई पडली दीडच्या सुमाराला. मधल्या अडीच तासांत तिला परत बेडवर नेता आलं असतं. वीस पावलं आहेत, मी आज मोजली. पण बोर्डावर एकदा रिकामा लिहिलेला बेड पुन्हा भरायचा तर नवा केसपेपर करावा लागतो, आणि मग त्या पंधरा मिनिटांचे जवळजवळ पाच तास होतात. मी अकराला बाकापाशी उभी राहून हा हिशेब केला. आईने विचारलं, झालं का ग तुझं? मी म्हटलं, होईलच आता.

अजून एक राहिलं आहे. बाकी सगळं यासाठीच लिहिलं.

त्या सकाळी साडेनऊला, तू दुकानात असताना, मी तुझ्या मोबाईलवर फोन केला होता. म्हटलं होतं, कामावरून लवकर उठू नकोस, आई बेडवर आहे, जेवण इथेच मिळेल, तीनला ये. आई गेल्यावर सगळे घरात बसलेले असताना मामा म्हणाला, डिस्चार्ज दहाला झाला होता, ही दुपार उलटल्यावर उगवली. म्हातारीने वाट तरी किती बघायची. तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरचे रिकामे कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला. बराच वेळ सोडला.

तू तेव्हा का बोलली नाहीस मला कळत नाही. मी असते तर फोनवरची वेळ मामाच्या नाकासमोर धरली असती. तू नुसतं चष्म्याचं विचारलंस. मला इतकी वर्षं वाटायचं की तुला बोलता येत नाही.

मामाला आजच वेगळं पत्र टाकलं आहे. हेच, थोडक्यात. तो मोठ्याने वाचून दाखवेल. त्याची सवय तुला माहीत आहे, निदान एकदा तरी तिचा उपयोग होऊ दे.

सोबतच्या डबीत चष्मा आहे. उजव्या काचेवर बारीक चरा आहे तो लॉकरमध्ये पडला. काच चांगली आहे. तूच घासली होतीस.

मी तुला तीनला बोलावलं होतं. तू दोन चाळीसला आलीस, दारातल्या वहीत नोंद आहे. तुला उशीर झाला नव्हता, ठके. तू वीस मिनिटं आधी आली होतीस.

ताई